वेदर स्टेशनचे सहा महिने: हिरवा रंग बघण्याआधी वेळ बघा

कर्नाटकातल्या अथणी तालुक्यात, महाराष्ट्रातल्या जतच्या हद्दीला लागून आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. माल सगळा बेदाण्याला. गेल्या सप्टेंबरात प्लॉटमध्ये वेदर स्टेशन, म्हणजे हवामान मोजणारं यंत्र, बसवलं आणि ऑक्टोबर छाटणीपासून माल शेडवर जाईपर्यंत अख्खा हंगाम वापरलं. कंपनीचं नाव घालत नाही. जे सांगायचं आहे ते कुणाचंही यंत्र घेतलं तरी उपयोगी पडेल.

घेतलं ते डावणी ह्या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी. जिल्ह्याच्या अंदाजावर आमचं भागत नाही. तिकडे खानापूर-कणकुंबीला पाऊस कोसळत असतो आणि अथणीत धूळ उडत असते, जिल्हा मात्र एकच. डावणीचं गणित तर प्लॉटच्या आतलं. अंधार आणि ९५ टक्क्यांच्या पुढची आर्द्रता अशी चार तास मिळाली की बीजाणू तयार होतात, मग पान दोन-तीन तास ओलं राहिलं की लागण. डाग दिसेपर्यंत साधारण आठवडा जातो. म्हणून पानाचा ओलावा मोजणारं यंत्र, आणि मोबाईलवर हिरवा, पिवळा, लाल असा इशारा.

पहिला महिनाभर इशारे इतके बरोबर आले की मी बाकी काही बघायचंच सोडलं. हिरवा असला की फवारणीचा ब्लोअर शेडमध्ये. दोन फवारण्या वाचल्या, ते खरं आहे.

मग छाटणीनंतरचा ३३वा दिवस. ऐन फुलोरा. रात्री दव इतकं की पहाटे पत्र्यावरून पाणी गळत होतं, आणि मोबाईलवर हिरवा. वर लिहिलेलं, ‘आज सकाळी ६:०० ला अपडेट’. मी निर्धास्त. मंडळींनी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अहो, मी शाल गुंडाळून बसलीया, आणि ह्यात २९ अंश कसं?’

आत जाऊन आलेख उघडला तर तापमानाची रेघ दोन दिवस सरळ आडवी. शेवटची खरी नोंद परवा दुपारची, कोरड्या उन्हातली. ६:०० ही हिशेब केल्याची वेळ होती, मोजमापाची नव्हती. सर्व्हर रोज सकाळी हिशेब करत होता, पण हातात होता तो परवाच्या दुपारचा आकडा, आणि त्या आकड्यावर हिरवा हेच उत्तर बरोबर होतं. ‘धोका नाही’ आणि ‘माहितीच नाही’ ह्या दोन्हीला एकच रंग, हा ह्या यंत्रातला सगळ्यात मोठा दोष आहे आणि मला तो अजून खुपतो.

सर्व्हिसचा पोरगा फोनवर म्हणाला, ‘काका, यंत्रातलं सिम महाराष्ट्राच्या टॉवरवर गेलंय आणि त्यावर रोमिंग बंद आहे.’ हद्दीवरच्या माणसाला हे नवं नाही, आमचे मोबाईल बांध ओलांडला की असंच करतात. त्यानं दुरुस्ती केली आणि दुपारी साठलेल्या नोंदी एकदम वर गेल्या. लगेच लाल इशारा: ‘फवारणी करा’. आता हा इशारा कुठल्या रात्रीचा? उघडून बघितलं तर आदल्या रात्रीचा नव्हताच, त्याच्याही आधीच्या रात्रीचा होता. लागण होऊन गेलेली. स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या वरच राहणारं, औषध लागणीच्या आधीच कामाचं, म्हणून पानात शिरणारं आंतरप्रवाही घ्यावं लागलं. तरी खालच्या अंगाच्या काही ओळींत घडांची कूज झाली. नोंदीची वेळ न बघता नेहमीचंच औषध मारलं असतं, तर टँकर वाया आणि प्लॉटही गेला असता.

तेव्हापासून सकाळी रंग बघायच्या आधी ‘शेवटची नोंद’ बघतो. आमचं यंत्र दर १५ मिनिटांनी नोंद पाठवतं. नोंद तासाभराहून जुनी असली की रंग मानायचा नाही, प्लॉटात जाऊन पानं उलटी करून बघायची. रेघ सपाट दिसली तरी तेच. पावसाचा आकडा कर्नाटक राज्य आपत्ती निगराणी केंद्राच्या ग्रामपंचायतीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघतो, त्यांच्या वरुणमित्र हेल्पलाइनवर विचारता येतं. डिसेंबरात एकदा नोंद ताजी होती तरी पाऊस शून्य दाखवत होती, आमच्या यंत्राच्या पाऊस मोजायच्या नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलेलं. ताजेपणानं सगळंच कळतं असं नाही.

त्याच ॲपमधल्या बाकीच्या गोष्टीही मग तपासल्या. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, म्हणजे सोमवारी वाचतोय तो शुक्रवारचा. उपग्रहाचा हिरवळीचा नकाशा तर फारच फसवा. सेंटिनल-२ ची फेरी पाच दिवसांनी असते, पण ढग असले की चित्रात शेत दिसत नाही आणि ॲप जुनंच दाखवत राहतं. पावसाळी हवेत, नेमकं जेव्हा पाहिजे तेव्हा, तो हमखास शिळा असतो. कोपऱ्यातली तारीख वाचल्याशिवाय त्यावरून खत-पाणी ठरवू नका. जमिनीच्या ओलाव्याचं यंत्र चांगलं चाललं, तक्रार नाही.

कंपनीनं जानेवारीत एक सुधारणा केली: दोन तास नोंद आली नाही की मेसेज येतो. रंग मात्र अजून हिरवाच राहतो. तो राखाडी करा म्हणून तीनदा कळवलंय.

वर्गणी पुन्हा भरणार आहे, कारण रात्री दोन वाजता पान ओलं आहे का, हे मला दुसरं कोण सांगणार? फक्त एप्रिलच्या खरड छाटणीआधी दोन सिमचा मोडेम बसवून द्या, मग पैसे, असं सांगून ठेवलंय.