बटर ऑइल आणि साजूक तूप: फरक कढवण्याचा

दोन्हींत दुधाची चरबी किमान 99.6 टक्के, म्हणजे कागदावर सख्खी भावंडं. फरक पडतो तो आचेवर. बटर ऑइल कारखान्यात बनतं: लोणी किंवा साय वितळवून, यंत्रात गरगर फिरवून पाणी आणि दुधाचे घन कण वेगळे काढतात, उरलेला ओलावा निर्वात टाकीत कमी तापमानाला उडवतात. खमंगपणा येणार कुठून?

तूप मात्र कढतं. लोण्याचा तडतड आवाज थांबतो, फेस बसतो, तळाची बेरी बदामी होते आणि वास घरभर सुटतो. तो वास त्या बेरीचाच. सावकाश निवलं की तूप रवाळ होतं. (बेरीत साखर घालून खाणाऱ्यांना हे सांगायला नकोच.)

क्लॅरिफाइड बटर यांच्या मधलं: वितळवून फेस काढायचा, निथळून घ्यायचं, बेरी तांबूस होऊ द्यायची नाही.

बटर ऑइलला नावं ठेवायचं कारण नाही. 1970 साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडमध्ये (देशातलं दूध वाढवण्याची सरकारी मोहीम) युरोपातून मदत म्हणून आलेलं बटर ऑइल आणि दूध पावडर मिसळून शहरांसाठी दूध तयार केलं जाई. आईस्क्रीमलाही ते उत्तम. वरणभातावर मात्र मी तूपच घेईन.