आशाताईंच्या घरभेटी: सात महिन्यांनंतरचा माझा अनुभव (सासर कराड, माहेर तासगाव)

माझी मुलगी आता सात महिन्यांची झाली म्हणून म्हटलं लिहूनच टाकते, कारण बाळंतपणाआधी मी शोधलं तेव्हा नुसती योजनेची माहिती मिळायची, आशाताई घरी येऊन नक्की करतात काय हे कुणीच सांगत नव्हतं.

माझं सासर कराड तालुक्यातलं, माहेर तासगावकडचं. नोंदणी, कार्ड, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं सासरच्या आशाताईंनी केलं आणि आठव्या महिन्यात मी माहेरी आले. पहिला घोळ इथंच झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं, सिझर असेल तर सातव्या दिवसापासून. माझं सिझर मिरजेला खाजगीत झालं, सहाव्या दिवशी घरी आले, पण माहेरच्या आशाताईंच्या यादीत माझं नावच नव्हतं, मग त्यांना कळणार कसं? आई दूध डेअरीवर कुणाशी तरी बोलली ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्या नवव्या दिवशी आल्या. म्हणून माहेरी जाणाऱ्या सगळ्यांना सांगते, आठव्या महिन्यात पोचलात की आधी तिथल्या आशाताईंना स्वतःहून भेटा, कार्ड दाखवा, तारीख सांगा. खाजगीत झालं तरी त्या येतात आणि आपल्याला एक रुपया द्यावा लागत नाही.

त्यांनी हात धुतले, पिशवीतनं झोळीचा काटा काढला, बाळाला झोळीत घालून काटा धरला. २ किलो ४५० ग्रॅम. जन्माचं वजन २६०० होतं. मला रडूच आलं, आई म्हणाली हिला दूधच नाही पुरत. दवाखान्यातनं निघतानाच आमच्या हातात पावडरचा डबा दिला होता, माझं दूध येतंय का, बाळ नीट पितंय का हे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं, त्याचा मला आजही राग येतो. आशाताई म्हणाल्या, "ताई, पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांपर्यंत भरून येतं. शू किती वेळा करते सांगा." सहा-सात वेळा म्हटल्यावर म्हणाल्या मग दूध पुरतंय, पाजताना बघू द्या. आणि बसल्या पलंगावर. टाक्यांना लागू नये म्हणून माझ्या पोटावर उशी ठेवली, बाळाचं पोट माझ्याकडं वळवलं, नुसतं टोक नाही तर भोवतालचा काळा भाग तोंडात जाईल असं धरायला लावलं. तोपर्यंत प्रत्येक वेळी मला कळ यायची, त्या दिवशी पहिल्यांदा नाही आली. बाळ गटागटा गिळताना ऐकू यायला लागलं. चौदाव्या दिवशी काटा परत २६०० वर! डबा आईनं स्वतःच उचलून माळ्यावर टाकला.

आईशी त्या ज्या पद्धतीनं बोलल्या ते मला फार आवडलं. आमच्याकडं शेक, धुरी, गुटी, काजळ सगळं चालतं. त्या कधी हे अडाणीपणाचं आहे असं बोलल्या नाहीत. "काकी, आळीव-डिंकाचे लाडू द्या की लेकीला, पण बाळाला धूर नको आणि सहा महिने गुटी-मध काहीच नको." नाळेवर तेल-हळद काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, त्यांनी सांगितल्यावर आईनं ऐकलं.

दर वेळी थर्मामीटर लावायच्या, कपडा वर करून घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या, ६० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना. नंतर वाचलं की ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून सिद्ध केली, १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून देशभर आशांकडं हे काम दिलं. म्हणजे हे आपल्याच महाराष्ट्रातनं सुरू झालंय, मला खरंच अभिमान वाटला. आणि या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या की आशाताईंना मिळतात २५० रुपये, सगळ्या भेटींचे मिळून! हे फार कमी आहे.

आता कमी काय पडलं तेही सांगते. २१ व्या दिवसाची भेट २३ व्या दिवशी झाली, त्यांना पोलिओच्या कामाला लावलं होतं. टाक्यांचं त्या काही सांगू शकत नाहीत, त्याला दवाखान्यातच जावं लागतं. पण मोठी गोष्ट म्हणजे फॉर्ममध्ये माझ्याबद्दल ताप, रक्तस्राव, जेवण एवढंच विचारत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून मला संध्याकाळ झाली की रडू यायचं, बाळाला घ्यावंसंच वाटायचं नाही, आणि हे कुणी विचारलं नाही. २८ व्या दिवशी त्या चपला घालत होत्या तेव्हा मीच कसंबसं बोलले. त्या चपला काढून परत आत आल्या, अर्धा तास बसल्या, आईला सांगितलं रात्रीचं एक पाजणं झालं की बाळ तुम्ही सांभाळा, हिला सलग झोप मिळू दे, आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरना घेऊन आल्या. झोप मिळायला लागली तसं हळूहळू कमी झालं. १४४१६ हा टेलिमानसचा (मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायची सरकारी सेवा) नंबर मला खूप उशिरा कळला, मराठीत बोलतात, फुकट आहे, बाळंतिणीच्या घरात लिहून ठेवा. हा प्रश्न पहिल्या भेटीपासून विचारायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

४२ दिवसांनंतर एकदम पोकळी वाटते, पण ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही भेटी असतात. तिसऱ्याच्या आधी मी सासरी आले. सहाव्या महिन्यात इथल्या आशाताई लोहाचं सिरप घेऊन आल्या, आठवड्यातनं दोनदा १ मिली, आणि वरचं खाणं चमच्यावरनं ओघळणार नाही इतकं घट्ट द्यायचं, डाळीचं नुसतं पाणी नको, हे सासूबाईंसमोर वाटीत भात-वरण कुस्करून दाखवलं. मग कार्ड मागितलं, तासगावची सगळी वजनं बोट ठेवून वाचली आणि त्याच रेघेवर पुढचा ठिपका दिला, ६ किलो ६००. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आहे, ती तारीख मी आत्ताच कार्डावर पेन्सिलनं लिहून ठेवलीय.