जुन्या सप्लायचे कपॅसिटर बदलले: काही महिने वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगतो. मूळ पॉवर सप्लायच दुरुस्त केला हे बरं झालं, आतलं सगळं काढून नवीन मॉड्यूल बसवायचा विचार आता डोक्यात नाही. मशीन म्हणजे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, हा ब्रिटनमधला जुना घरगुती कॉम्प्युटर. हे मॉडेल 1981 मध्ये आलं. माझ्या मशीनमधला सप्लाय स्विच मोड प्रकारचा आहे, म्हणजे वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून हवे ते व्होल्ट देणारा.

सगळ्यात आधी मेन लाइनवरचे दोन फिल्टर कपॅसिटर काढले, 0.1 आणि 0.01 मायक्रोफॅरडचे. पिवळट पारदर्शक आवरण, आत धातूचा थर दिलेला कागद. भिंगाखाली आवरणावर केसाएवढ्या चिरांचं जाळं दिसत होतं. चिरांतून दमट हवा शिरते, कागद फुगतो, चिरा वाढतात आणि एक दिवस खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. गंमत अशी की धूर निघूनही मशीन बऱ्याचदा चालूच राहतं, कारण हे कपॅसिटर फक्त लाइनवरचा गोंगाट गाळतात. म्हणून 'चालतंय ना, मग राहू दे' हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. जागेवर एक्स-2 दर्जाचे, म्हणजे थेट मेन लाइनवर लावण्यासाठीच्या सुरक्षा दर्जाचे, पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिक फिल्मचे) कपॅसिटर घातले. तेवढ्याच व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर तिथे अजिबात लावू नये.

इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत द्रव असलेल्या कपॅसिटरचं दुखणं छुपं असतं. फुगलेले नाहीत, गळलेले नाहीत, मल्टिमीटरवर कपॅसिटन्सही ठीक; पण ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजणारा मीटर लावला की खरी अवस्था कळते. आतलं द्रव वाळतं तसा हा रोध वाढतो. दुरुस्तीआधी चित्र हलायचं आणि मशीन तापलं की मधूनच रीसेट व्हायचं. 105 अंशांचे, कमी ईएसआरचे घातल्यापासून दोन्ही बंद. ऑसिलोस्कोपवर 5 व्होल्टच्या लाइनवर आधी ठसठशीत करवती दात दिसत, आता रिपल, म्हणजे व्होल्टमधला चढउतार, 50 मिलिव्होल्टच्या आत आहे. तासन्‌तास चालवूनही मदरबोर्डवर मोजलेले व्होल्ट जागचे हलत नाहीत.

कुरकुर करण्यासारखंही आहे. नवे कपॅसिटर आकाराने लहान, त्यामुळे पाय वाकवून बसवावे लागतात. बोर्ड एका बाजूचा, जास्त तापवला की ट्रॅक उचलला जातो. आणि तो जुना तपकिरी गोंद! वर्षानुवर्षं तापून तो वीज वाहू लागतो, शेजारच्या तारा खातो. तो खरवडण्यात डाग देण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

चाचणीबद्दल दोन शब्द. 230 व्होल्ट मेन रेक्टिफाय झाल्यावर (एसीची डीसी झाल्यावर) मोठ्या कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात. रेझिस्टरने उतरवायचे, मग मीटर लावून खात्री करायची, तोवर हात खिशात. पहिल्यांदा चालू करताना मेनच्या वायरमध्ये जुना तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला होता. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, सप्लाय वाचतो. शिवाय आउटपुटला काहीतरी लोड हवाच. लोडविना असे बरेच सप्लाय सुरूच होत नाहीत, किंवा भलतेच व्होल्ट दाखवतात.

नवीन मॉड्यूलवाल्यांशी माझं भांडण नाही. पण या मशीनच्या सिरियल पोर्टला उणे 5 व्होल्टही लागतात आणि आजच्या तयार मॉड्यूलमध्ये ते सहसा नसतात. मग वेगळं सर्किट जोडा, कनेक्टर बदला, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

कमोडोर 64 या दुसऱ्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या बाहेरच्या सप्लायबद्दल मात्र माझं मत नेमकं उलटं आहे. त्यातले अनेक इपॉक्सीने ठासून भरलेले, दुरुस्तीला जागाच नाही. आतला रेग्युलेटर गेला की 5 व्होल्टचे कितीतरी जास्त होतात आणि रॅमच्या चिपा जातात. बीबीसीतला कागदी कपॅसिटर जाताना वास सोडतो, हा मुकाट्याने मशीन मारतो. तो बदलून नवाच घ्यावा.

सुटे भाग घेताना एवढं बघा: मूळ रूप जपायच्या हौसेने जुन्या साठ्यातले 'न वापरलेले' कागदी कपॅसिटर आणू नका. खणात पडून राहिले तरी दमट हवा त्यांच्यात शिरतेच.