‘रॉकी’ची फोर-के डिस्क : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘रॉकी’ हा एका सामान्य मुष्टियोद्ध्यावरचा १९७६ चा चित्रपट मी आजवर चार रूपांत पाहिला आहे : टीव्हीवरील प्रक्षेपणात, डीव्हीडीवर, २०१४ च्या ब्लू-रेवर आणि गेले आठ महिने २०२३ मध्ये आलेल्या फोर-के, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट बारीक चित्राच्या, डिस्कवर. या आठ महिन्यांत तो संपूर्ण असा सहा वेळा पाहून झाला. काही प्रसंग तर त्याहून कितीतरी अधिक वेळा पाहिले, कधी ब्लू-रे आणि फोर-के आलटूनपालटून लावून, कधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये फेरफार करून. डिस्क हाती आल्यावर पहिल्याच आठवड्यात हा अभिप्राय लिहिला असता, तर तो चुकीचा ठरला असता, कारण पहिल्या रात्री माझी निराशा झाली होती. चित्र अपेक्षेइतके लखलखीत नव्हते. काही दृश्ये मऊ वाटत होती, अंधाऱ्या भागांत कण वळवळत होते, आणि ‘एवढ्यासाठी नवी डिस्क घेतली का?’ असा प्रश्न मनात आला होता. या चित्रपटाने लखलखीत दिसूच नये, हे कळायला मला दोन-तीन महिने लागले.

त्याचे कारण चित्रपटाच्या निर्मितीत आहे. २४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यात मुहम्मद अली आणि चक वेपनर यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. वेपनर काही टिकेल असे कोणाला वाटत नव्हते, परंतु तो पंधराव्या राउंडमध्ये, लढत संपायला अवघे काही सेकंद उरेपर्यंत उभा राहिला. ती लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोन या तेव्हा फारसे नाव नसलेल्या नटाने साधारण साडेतीन दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहून काढला. निर्मात्यांना पटकथा हवी होती, मात्र नायकाच्या भूमिकेत त्यांना नावाजलेला नट हवा होता. स्टॅलोनने भूमिका स्वतःला मिळाल्याखेरीज पटकथा विकायचे नाकारले. परिणामी दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांच्या वाट्याला सुमारे दहा लाख डॉलरचा तुटपुंजा निधी आणि चित्रीकरणाचे २८ दिवस आले. बर्फावरच्या स्केटिंगचा प्रसंग मुळात गर्दीत घडायचा होता, पण तेवढी माणसे जमवणे परवडणारे नसल्याने तो बंद झालेल्या, रिकाम्या रिंकवर घडतो, आणि रॉकी व त्याची प्रेयसी एड्रियन यांचे एकाकीपण त्या रिकामेपणामुळेच इतके जवळचे वाटते. पैशांची ही ओढाताण पडद्यावर सर्वत्र दिसते. छायालेखक जेम्स क्रेब यांनी फिलाडेल्फियाचा हिवाळा जसा करडा, ओलसर आणि थंड होता तसाच टिपला आहे. म्हणून घरच्या पडद्यावर या चित्रपटाची खरी परीक्षा त्याच्या अंधारात होते.

माझ्या दृष्टीने त्यासाठी सर्वांत उपयुक्त प्रसंग म्हणजे पहाटे चार वाजता रॉकी उठतो तो. खोलीत जेमतेम उजेड आहे, तो फ्रिज उघडतो, ग्लासात पाच कच्ची अंडी फोडतो आणि एका दमात पिऊन टाकतो. डीव्हीडीच्या ४८० ओळींमध्ये या प्रसंगातील भिंती, दार आणि कोपरे मिळून एकच तपकिरी ठिगळ दिसत असे. ब्लू-रेवर खोलीतला खोलपणा दिसू लागला. ती डिस्क नव्या फोर-के स्कॅनवरून तयार केलेली होती आणि आजही ती मला अतिशय समाधानकारक वाटते. फोर-केवर भर पडली ती मुख्यतः काळोखातील छटांची. एचडीआरमुळे, म्हणजे उजेड आणि अंधार यांतील वाढीव पल्ल्यामुळे, फ्रिजचा दिवा खरोखर झोपेतल्या डोळ्यांना टोचेल असा उजळतो, आणि तरीही त्याच्या मागचा अंधार राखाडी होत नाही. त्यानंतर रॉकी बाहेर पडतो, धावतो, शहरातील कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्या कशाबशा चढतो आणि वर पोहोचल्यावर कुशीत कळ येऊन वाकतो. लोकांच्या आठवणीत पायऱ्यांवरची दुसरी, विजयी धाव राहते. दुसऱ्या धावेचा आनंद ज्या पहिल्या धावेवर उभा आहे, ती मात्र जवळजवळ काळोखात चित्रित झालेली आहे, आणि खराब प्रतीमध्ये ती वाया जाते. या डिस्कवर मला त्याच्या थकव्याचे बारकावे प्रथमच नीट दिसले.

दुसरी धाव उजेडात आहे आणि तिच्याबद्दल सर्वांना माहीत आहे, तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. गॅरेट ब्राउन यांनी तयार केलेल्या स्टेडिकॅम या, अंगावर बांधून चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाचा हा अगदी सुरुवातीच्या काळातील वापर आहे. त्यांनी उपकरणाच्या प्रात्यक्षिकासाठी आपल्या मैत्रिणीला याच पायऱ्यांवरून धावताना चित्रित केले होते, आणि ते पाहूनच ॲव्हिल्डसन यांना ही जागा सुचली. कॅमेरा धावणाऱ्या माणसाबरोबर तरंगत वर जातो, पण त्या तरंगण्यात चालवणाऱ्याच्या पावलांची किंचित लय उरते. टीव्हीतील मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमरीत्या सलग करणारी सोय, चालू असेल तर ती लय नाहीशी होते आणि दृश्य एखाद्या थेट प्रक्षेपणासारखे गुळगुळीत होते. माझ्या टीव्हीवर ही सोय आरंभापासून चालूच होती. पहिल्या रात्रीच्या निराशेचे एक मोठे कारण तेच होते.

दुसरे कारण होते ‘नॉइज रिडक्शन’. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र हे चांदीच्या क्षारांच्या कणांतून घडते, त्यामुळे कमी उजेडात घेतलेल्या दृश्यांत ते कण ठळक दिसणे स्वाभाविक आहे. टीव्ही मात्र त्यांना दोष समजून पुसू पाहतो आणि कणांबरोबर चेहऱ्याची त्वचाही पुसली जाते. या चित्रपटात त्वचा फार महत्त्वाची आहे. रॉकीच्या व्यायामशाळेचा म्हातारा मालक मिकी याच्या भूमिकेतील बर्जेस मेरेडिथ यांच्या चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुतीत पन्नास वर्षांचे अपयश साठलेले आहे. पुसट केलेला मिकी मला पाहवत नाही. दोन्ही सोयी बंद करून आणि चित्राचा ‘फिल्ममेकर मोड’ निवडून मी सात फुटांवरून पंचावन्न इंची पडद्यावर तोच भाग पुन्हा पाहिला, तेव्हा कणांचा त्रास वाटेनासा झाला. काही मिनिटांनंतर डोळे त्यांना सरावतात आणि चित्राला एक जिवंत पोत आल्यासारखे वाटते.

मिकीवरूनच माझा सर्वांत आवडता प्रसंग आठवतो, आणि या डिस्कची किंमत माझ्यापुरती त्या एका प्रसंगाने वसूल झाली. आयुष्यभर रॉकीकडे दुर्लक्ष केलेला मिकी, त्याला जगज्जेत्याशी लढण्याची संधी मिळताच त्याच्या खोलीवर येतो आणि प्रशिक्षक होण्याची याचना करतो. रॉकी त्याला नकार देतो, तो गेल्यावर बंद दारामागून मनातला सगळा संताप ओकतो, आणि मग खाली धावत जाऊन त्याला गाठतो. कॅमेरा दूर उभा आहे. संवाद ऐकू येत नाही. रस्त्यावरच्या अंधारात दोन आकृती भेटतात, हात मिळवतात आणि वेगळ्या होतात. डीव्हीडीवर मला तेथे दोन काळे ठिपके दिसत, आणि समेट झाला हे मी पुढच्या कथेवरून ताडत असे. आता रॉकीचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडतो तो क्षण दिसतो, आणि मिकीचे खचलेले शरीर किंचित ताठ होते तेही दिसते. दिग्दर्शकाने मोठ्या पडद्याचा भरवसा धरून इतक्या दुरून हा प्रसंग घेतला होता, आणि घरात त्याचे चीज व्हायला इतकी वर्षे लागली.

रंगांबाबत थोडक्यात सांगतो. एचडीआरचा मारा कोठेही जाणवत नाही. जवळपास संपूर्ण चित्रपट करड्या आणि तपकिरी रंगांत वावरतो, म्हणून जगज्जेता अपोलो क्रीड जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेशात अवतरतो आणि नंतर अमेरिकी झेंड्याचे तारे-पट्टे मिरवतो, तेव्हा लाल आणि निळा रंग अक्षरशः अंगावर येतो. अपोलो साकारणाऱ्या कार्ल वेदर्स यांचा रुबाब त्या रंगांमुळे दुणावतो.

अंतिम लढतीत नव्या डिस्कचा फायदा आणि तोटा दोन्ही दिसतात. मागच्या रांगा काळोखात बुडवून जागा भरलेली भासवली आहे, हे आता लपत नाही, आणि प्रेक्षकांची काही दूरची दृश्ये बाकीच्यांपेक्षा उघडपणे खरबरीत आहेत. काही ठोसे गालापासून दूर जाताना पकडता येतात. त्याउलट मायकल वेस्टमोर यांची रंगभूषा आश्चर्यकारक टिकते. चेहऱ्यांवरची सूज हळूहळू उतरवत जाणे सोपे म्हणून ही लढत शेवटच्या राउंडपासून उलट क्रमाने चित्रित केली गेली होती, आणि इतक्या स्पष्ट चित्रातही बंद झालेला डोळा खोटा वाटत नाही. पैशांअभावी राहिलेल्या चुकाही आता ठसठशीत दिसतात. रॉकीचा झगा प्रत्यक्षात फार सैल शिवला गेला होता आणि भव्य फलकावर त्याच्या चड्डीचे रंग उलटे रंगवले गेले होते. नव्याने करून घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा स्टॅलोनने दोन्ही चुका संवादांत घेतल्या. लढतीच्या आदल्या रात्री रिकाम्या सभागृहात रॉकी आयोजकाला फलकातील चूक दाखवतो आणि त्याने काय फरक पडतो असे उत्तर त्याला मिळते. आता फलक आणि त्याच्याखालचा तो छोटा माणूस एकाच चौकटीत स्पष्ट दिसतात, आणि ते उत्तर अधिक लागते.

ध्वनीबाबत मी तितका समाधानी नाही. मूळ चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या ध्वनीत प्रदर्शित झाला होता. नंतर तयार केलेल्या ५.१, म्हणजे श्रोत्याभोवतीच्या अनेक स्पीकरसाठीच्या मिश्रणात बिल काँटी यांचे संगीत ऐसपैस पसरते आणि प्रशिक्षणाच्या प्रसंगात ते छानच वाटते, पण लढतीत मागच्या स्पीकरमधून येणारा गर्दीचा गलका मला उपरा वाटतो. संवाद त्या मानाने दबतात, विशेषतः पुटपुटल्यासारखे बोलणाऱ्या रॉकीचे. मी मागच्या स्पीकरचा आवाज कमी आणि मधल्याचा थोडा जास्त ठेवतो. ज्यांच्या डिस्कवर मूळ मोनो ध्वनिपट्टा असेल, त्यांनी निदान एकदा तरी त्यावर हा चित्रपट ऐकावा.

ब्लू-रे असताना फोर-के घ्यावी का, असे कोणी विचारले तर मी आधी पडद्याचा आकार आणि बसण्याचे अंतर विचारीन. चाळीस-त्रेचाळीस इंचांच्या टीव्हीवर दहा फुटांवरून पाहणाऱ्याला वाढीव तपशील फारसा जाणवणार नाही, आणि २०१४ ची ब्लू-रे त्याला पुरेशी आहे. शिवाय त्या ब्लू-रेवर ॲव्हिल्डसन यांनी लढतीच्या तालमींचे आठ मिलिमीटर फिल्मवर घेतलेले चित्रण आहे. साध्या कपड्यांत, रिकाम्या रिंगमध्ये दोन नट एकेक ठोसा पाठ करत आहेत, हे पाहिल्यानंतर लढतीबद्दलचा आदर वाढतो. तेवढ्यासाठी मी जुनी डिस्क जपून ठेवली आहे. स्ट्रीमिंगवर मी पहाटेचा प्रसंग मुद्दाम पडताळून पाहिला. तेथे फोर-के चित्राला बहुधा सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटच मिळतात आणि डिस्कवर त्याच्या कित्येक पट. सतत बदलणारे कण दाबून बसवणे अवघड असल्याने अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी डाग उमटतात. उजेडातील प्रसंगांत मात्र फरक शोधावा लागतो.

शेवटच्या प्रसंगाबद्दल एक नोंद राहिली. पंधरा राउंड संपतात, रिंगमध्ये झुंबड उडते, सूजलेल्या डोळ्यांनी काही दिसत नसलेला रॉकी एड्रियनला हाका मारत राहतो, आणि त्याच वेळी मागे पंचांचा निकाल वाचला जातो. माझ्या जुन्या डीव्हीडीवर तो निकाल त्या गोंगाटात मला कधीच नीट ऐकू आला नव्हता, आणि मी तो ध्वनीचा दोष समजत होतो. या डिस्कवर निवेदकाचा शब्द अन् शब्द वेगळा काढता येतो : निर्णय एकमताचा नाही आणि विजय अपोलोचा आहे. तरीही सहाव्या वेळी पाहतानासुद्धा माझे लक्ष निकालाकडे राहिले नाही, कारण तोपर्यंत एड्रियन टोपी हरवून गर्दीतून वाट काढत रिंगपर्यंत पोहोचलेली असते.