जीबोर्डवर मराठी: कुठे बोट फिरवावं, कुठे टिचकी मारावी

फोनवर मराठी लिहिताना खरी अडचण जागेची असते. बाराखडी आणि जोडाक्षरं पडद्याच्या तळाच्या पट्टीत कोंबली की बटणं बारीक होतात, आणि नेमकं हवं ते बटण अंगठ्याखाली झाकलं जातं. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड अ‍ॅपमधली रोमन अक्षरांवरून बोट फिरवून मराठी लिहायची सोय यावर चांगला उतारा आहे. सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत मराठी निवडा आणि मांडण्यांतून रोमन ते मराठी ही मांडणी घ्या.

लांब शब्द बोट फिरवून झकास उमटतात, कारण त्यांची रेघ दुसऱ्या कशाशी सहसा जुळत नाही. ‘विद्यार्थी’ला म्हणूनच फारशी अडचण येत नाही. घोळ होतो तो छोट्या शब्दांत. के, ए, एल अशी रेघ ओढली की काल, कल, कळ, काळ असे चारही शब्द संभवतात. ‘ए’ दोनदा घ्यायचं म्हटलं तरी रेघेत तो फरक जवळपास दिसतच नाही. असे शब्द टिचक्या मारूनच लिहा आणि वरच्या सूचनांवर नजर ठेवा. बोट फिरवून लिहिलेला शब्द चुकलाच तर लगेच खोडायचं बटण एकदा दाबा, अख्खा शब्द जातो.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ रोमनमध्ये सारखेच. इथे देवनागरी मांडणीवर जाऊन आधी ऱ घ्या, त्याचा पाय मोडा, मग ‘या’ लिहा. साध्या र चा पाय मोडलात तर रफार येतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

मराठी बोलून लिहायची सोय 2017 मध्ये आली. कच्च्या मजकुराला ती उत्तम, पण विरामचिन्हं आणि विशेषनामं नंतर हाताने तपासावीच लागतात. बोटाने अक्षरं गिरवायची सोय रोमनची सवय नसलेल्यांना फार उपयोगी आहे, लांब मजकुराला मात्र संथ.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो दुरुस्तीत. स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर हलतो. खोडायच्या बटणावरून डावीकडे सरकवलं की शब्दामागून शब्द निवडले जातात आणि बोट उचलताच पुसले जातात. जास्त निवडले गेले तर बोट न उचलता उजवीकडे परत या. या दोन्ही खुणा चालत नसतील तर ग्लाइड टायपिंगच्या, म्हणजे बोट फिरवून लिहिण्याच्या, सेटिंगमध्ये त्या सुरू करा. वारंवार लागणारी आडनावं आणि गावांची नावं वैयक्तिक शब्दकोशात मराठीखालीच घाला.