‘कासवासाठी सर्व काही’ किट: फलाट चांगला, दिवा फसवा

पाचपैकी दोन तारे, आणि तेही एकट्या फलाटामुळे.

भाचीकडे रेड-इअर्ड स्लायडरचं पिल्लू आलं, त्याच्या जोडीने हे किट. माझ्याकडे याच जातीची मादी, ठकी, बरीच वर्षं आहे, म्हणून खोकं उघडायचं काम माझ्याकडे आलं. आत निघालं ते असं: काचेची टाकी, तरंगता फलाट, क्लिपचा दिवा, छोटा फिल्टर, रंगीत खडे, वाळवलेल्या कोळंबीची बरणी आणि एक पानी माहितीपत्रक.

आधी फलाट, कारण तो कुणीतरी विचार करून बनवलाय. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या संथ, चिखलगाळाच्या, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यातलं हे कासव. दिवसाचे तासन् तास ते ओंडक्यावर ऊन खात बसतं; ओंडका अपुरा पडला तर एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात. त्यातून अंग गरम होतं, खाल्लेलं पचतं, कवच पूर्ण सुकतं. या फलाटाची उतरण पाण्यात पुरेशी खोल जाते आणि तिला खरखरीत पोत आहे, त्यामुळे पिल्लू पहिल्याच दिवशी न घसरता वर चढलं. पाणी कमीजास्त झालं तरी फलाट सोबत वरखाली होतो. काचेवर शेवाळाचा थर आला की मात्र चूषणकप सुटतात. तेवढी जागा पुसून घ्यावी लागते. मोठ्या कासवाला हा चालायचा नाही. ठकीला चढवून पाहिलं, तर एक बाजू पाण्याखाली गेली आणि पोट ओलंच राहिलं. तिच्याएवढ्या जनावराला काठावर पक्का बसवलेला ओटाच हवा.

आता दिवा. खोक्यावर सूर्याचं चित्र आहे. आत साधा पांढरा एलईडी. एका तार्‍याची कापणी इथेच. स्लायडरला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, त्याशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. मग कवच मऊ पडतं, पाय वाकतात. साध्या एलईडीत ना यूव्हीबी, ना ऊब. ‘टाकी खिडकीशी ठेवू’ म्हणाल तर काच यूव्हीबी अडवते, आणि उन्हात छोट्या टाकीचं पाणी बघता बघता तापतं. यूव्हीबीची नळी वेगळी घ्या आणि फलाटावर 32 अंशांच्या आसपास ऊब राहील असा एक बल्ब लावा. मध्ये काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण नको. नळी दिसायला उजळ असली तरी तिचा यूव्हीबी हळूहळू उतरत जातो, म्हणून मी वर्ष व्हायच्या आत बदलते.

टाकी 40 बाय 25 बाय 25 सेंटिमीटरची. काठोकाठ भरली तर 25 लिटर. पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे की कवचाच्या दर सेंटिमीटरला साधारण 15 लिटर पाणी हवं. अंड्यातून निघालेलं पिल्लू तीनेक सेंटिमीटरचं असतं, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ही अपुरी. मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर जरा लहान. गंमत म्हणजे खोक्यावर फोटो चांगल्या वयात आलेल्या नराचा आहे: मादीच्या तोंडासमोर फडफडवायची ती पुढच्या पायांची लांबलचक नखं स्पष्ट दिसतात. या टाकीत त्याला धड वळताही यायचं नाही. मी ती पाणी बदलताना कासव तात्पुरतं ठेवायला वापरते.

फिल्टर माशांच्या हिशोबाने दिलाय. स्लायडरला पाण्यात असल्याशिवाय घास गिळता येत नाही, त्यामुळे खाणं फाडून सगळीकडे पसरतं, वर घाणही भरपूर. टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला फिल्टर लावा, तरी पाणी बदलायची कटकट सुटत नाहीच.

खडे नेमके तोंडात मावतील एवढे. गिळले तर आतडं तुंबतं. माझे कुंडीत गेले.

कोळंबी अधूनमधून खाऊ म्हणून ठीक. रोजचं जेवण कासवाच्या गोळ्या, आणि वाढत्या वयाबरोबर पालेभाजी व पाणवनस्पती जास्त, कारण लहानपणी किडे-मासे खाणारं हे कासव मोठेपणी बरंचसं शाकाहारी होतं. नुसत्या कोळंबीवर ठेवलं की अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या सुजून डोळे बंद होतात.

माहितीपत्रक मात्र चिडवणारं आहे. ‘टाकी लहान असली की कासव लहानच राहतं’ असं छापलंय, जे साफ खोटं. कोंडलेलं कासव वाढतंच, फक्त आजारी पडून. हात धुण्याबद्दल एक अक्षर नाही. या कासवांच्या अंगावर माणसाला जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो, म्हणूनच अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. नकोसं झालं तर काय करायचं, यावरही मौन. नीट ठेवलं तर स्लायडर तीस वर्षंही जगतो, आणि कंटाळलेले लोक तो तळ्यात सोडतात. तिथे तो स्थानिक कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावतो. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सर्वाधिक उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

फलाट सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या.