वस्तीत मनाच्या जखमांवर काम: केंद्रातला समुपदेशक, वस्तीतली ताई की भगताची सोबत?

संस्थेकडे साधारण एका पगाराइतका वार्षिक निधी आहे आणि तो वस्तीतल्या मानसिक आरोग्यासाठी वापरायचा आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्थांपुढे तीन वाटा असतात: केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक बसवायचा, वस्तीतल्याच बायकांना तयार करायचं, किंवा लोक मुळात ज्यांच्याकडे धावतात त्या भगत, देवऋषी, दर्ग्याच्या मुजावरांशी जोडून घ्यायचं. माझं मत आधीच सांगते. तुर्भे, दिघा, कळव्यासारख्या ठिकाणी काम असेल तर दुसरी वाट धरा, पण पहिलीशी पक्का दुवा बांधून.

तज्ज्ञांच्या बाबतीत ठाणं नशीबवान आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून इथे आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. अडचण असते ती तिथवर पोहोचण्याची. नाक्यावर काम शोधणाऱ्या बाईचा दिवस बुडतो, घरी ‘कुठे गेली होतीस’ला उत्तर द्यावं लागतं. आणि आलीच, तरी ती दुःख सांगत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, हातपाय गळतात असं सांगते. मग नवऱ्याची दारू, रेशनकार्ड, पाण्याची रांग. नवखा समुपदेशक याला विषयांतर समजतो, आणि खरा विषय तिथेच निसटतो.

तरीही काही ठिकाणी तज्ज्ञाला पर्याय नाही. आत्महत्येचा विचार, भास होणं, घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊन महिनोन्‌महिने झोप उडणं, ही वस्तीतल्या ताईने एकटीने पेलायची कामं नाहीत. मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ हे वचन तिने देऊ नये, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं पाहिजे.

दुसऱ्या वाटेला चांगला पुरावा आहे. झिम्बाब्वेच्या हरारेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर वयस्क आज्यांना बसवलं. एका वेळी एक अडचण निवडायची, पुढचं पाऊल बोलायला आलेल्यानेच ठरवायचं, आजीने सोबत राहायचं. ५७३ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनी आजींशी बोललेल्या लोकांची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी होती. आपल्याकडे ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या गावांत रुजला आणि पुढे गुजरातच्या मेहसाण्यात गेला. त्यात गावातलीच माणसं भेटी घेऊन बोलतात आणि सरकारी योजनांपर्यंतही पोहोचवतात. मला हे जोडकाम फार मोलाचं वाटतं. विधवा पेन्शन अडकलेली असताना नुसतं ‘मन मोकळं कर’ म्हणणं अर्धवट आहे.

मात्र शहरात धोके वेगळे. घणसोलीसारख्या गावठाणात अर्धं गाव नात्यातलं. चुलत जावेपुढे कोण बोलणार? म्हणून एकीऐवजी दोघी-तिघी नेमा, वेगवेगळ्या आळीतल्या, आणि कुणाशी बोलायचं ते येणारीला ठरवू द्या. जातीकडे डोळेझाक करू नका. ताई कुणाच्या घरचा चहा घेते, कुणाच्या घरी नाही, याकडे सगळी वस्ती बघत असते. जातीवरून झालेला अपमान हीच जखम असेल, तर त्याला ‘आत्मविश्वासाची कमतरता’ म्हणून नोंदवणं हा दुसरा अपमान होतो.

ताईचं स्वतःचं मनही थकतं. दिवसभर मारझोड, मृत्यू, कर्ज ऐकून तिला घरी स्वयंपाक करायचा असतो. माझा आग्रह असा: प्रशिक्षणाच्या झगमगाटावरचा खर्च कमी करा आणि अनुभवी मनोसामाजिक कार्यकर्तीसोबत दर आठवड्याच्या सुपरव्हिजनसाठी, म्हणजे ताईच्या कामावर बोलून तिला आधार देणाऱ्या बैठकीसाठी, पैसे बाजूला काढा. मानधनाशिवाय तर हे काम कुणाकडूनच करून घेऊ नका.

तिसऱ्या वाटेचं ठळक उदाहरण मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावचा मीरा दातार दर्गा. ‘दवा-दुआ’ उपक्रमात तिथले मुजावर दुआही करतात आणि आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतात. याची दुसरी बाजू तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या परिसरात, दिसली: ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांसह २८ जण गेले. येऊरच्या पाड्यांवर काम असेल तर भगताला वगळून पुढे जाता येत नाही. त्याच्याशी आदराने बोला, पण मर्यादाही सांगा: बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. कुटुंबाला देवाचं बंद करायला सांगू नका. गोळी चालू ठेवा एवढंच सांगा. हा विश्वास एका वर्षाच्या निधीत बांधून होत नाही, म्हणून पहिल्या वर्षी ही वाट मी मुख्य धरणार नाही.

दुर्घटना झाली तर हा क्रम बदलतो. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळच्या ‘लकी कंपाउंड’मधली इमारत कोसळून ७४ जण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. अशा वेळी आठवडाभरात माणसांना गोळा करून ‘काय घडलं ते सांगा’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटना याची शिफारस करत नाही. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेचा भर सुरक्षितता, ऐकून घेणं आणि मदतीशी जोडणं यावर आहे. दहावा-तेरावा किंवा चाळिसावा कुटुंबाला जसा हवा तसा करता यावा, मृत्यूचा दाखला लवकर हातात पडावा, नातलग एकाच ठिकाणी राहावेत, यासाठी धावणं हेच त्या आठवड्यांतलं मानसिक आरोग्याचं काम आहे. समुपदेशकांची यादी तयार ठेवा. महिन्याभरानंतरही ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्यासाठी ती लागेल.